साकेच्या लेबलवर जे असते, ते मोहाच्या बाटलीवर का नको?

राज्य सरकारने २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवले आणि धान्याच्या दारूसाठी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार काढला, तेव्हा जपानमधल्या कोबेत बसून मी तिकडच्या चर्चा वाचत होतो. तिजोरीत किती येणार आणि संसार किती बुडणार, यापलीकडे कुणी जात नव्हते. २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन ठेवण्याच्या निर्णयावर रान उठले, तेव्हाही हेच. बाटलीतले कशाचे, कुठले, कुणी केलेले, हा प्रश्न आपल्याकडे निघतच नाही.

कोबेचा नादा भाग साकेसाठी, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्यासाठी, नावाजलेला. इथले ‘मियामिझु’ पाणी जड, खनिजे भरपूर आणि लोह अगदी कमी. त्यावर आंबवण जोमाने चढते आणि साके कोरडी (कमी गोड), ठसठशीत उतरते. क्योतोच्या फुशिमीत पाणी मऊ, तिथली साके जिभेवर गोलसर. दोन्ही पेले शेजारी ठेवून प्यावेत, पाण्याने काय फरक पडतो ते लगेच कळते. दाईगिन्जो या साकेच्या प्रकारासाठी तांदळाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग घासून काढतात. गार पेल्यातून पिकल्या केळ्याचा, सफरचंदाचा वास येतो आणि नवखे तिच्यावरच भाळतात. माझा कौल यामाहाई या दुसऱ्या प्रकाराला. तिच्यात लॅक्टिक आम्ल वरून न घालता आपोआप तयार होऊ देतात. ताकासारखी आंबूस, अंगाने भरदार, कोमट करून प्यायची. दाईगिन्जोचा सुगंध जेवणावर कुरघोडी करतो, यामाहाई मात्र भाजलेल्या मासळीबरोबर शेवटच्या घासापर्यंत टिकते.

यातले बरेचसे लेबलवर आधीच वाचता येते: घासून तांदूळ किती टक्के उरवला, वरून अल्कोहोल घातले की नाही (न घातलेली ती जुनमाई). जपानला हे शहाणपण उपजत नव्हते. १८९९ मध्ये तिथल्या सरकारने घरगुती दारूवर बंदी आणली, कारण मद्यकर हा तिजोरीचा मोठा आधार होता. पुढे साकेचे दर्जेही कराशी बांधले गेले. सरकारी तपासणीला न पाठवलेली साके आपोआप खालच्या दर्जाची ठरे, तिच्यावर कर कमी लागे, म्हणून काही कारखानदार आपली चांगली साकेही त्याच दर्जात विकत. ते दर्जे १९९२ मध्ये पुरते गेले आणि साहित्य व कृतीवरून ठरणारी नावे उरली. २००३ पासून तोनोसारख्या ठिकाणी शेतकऱ्यांना ‘दोबुरोकू’ ही गढूळ, गावठी साके परवान्याने पुन्हा करता येऊ लागली.

मुंबई इलाख्यात १८९२ च्या कायद्याने मोहफुलांवर निर्बंध घातले, तेही महसुलासाठीच. त्या फुलांवर आदिवासींचे पोट चाले, पण दारू मात्र चोरटी ठरली, आणि चोरट्या मालावर लेबल नसते. गोव्याने काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला. आपण काय केले?

गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायकांनी, लढून १९९३ मध्ये दारूबंदी आणली. त्यांनी घरात जे सोसले त्यापुढे मी चवीच्या गप्पा मारणार नाही, आणि जपानमध्येही रात्रीच्या शेवटच्या गाडीत झिंगलेली माणसे दिसतात. म्हणून जिथे बंदी लोकांनी मागून घेतली आहे तिथे ती राहू द्यावी. बाकी महाराष्ट्रात मोह गाळण्याचा परवाना मोठ्या कारखान्यांच्या आधी आदिवासी बचत गटांना मिळावा. बाटलीवर जंगल, हंगाम आणि गाळणाऱ्या गटाचे नाव छापणे कायद्याने बंधनकारक व्हावे.