मराठीतून मराठीत

कवळी बसवून मला चार दिवस झाले होते आणि नोव्हेंबर संपायला तीन उरले होते. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. हे हल्ली घरबसल्या होतं, मोबाइलला चेहरा दाखवायचा की झालं, असं मला सगळे सांगतात. सगळे म्हणजे माझा मुलगा, आणि तो बेंगळुरूला असतो. तेव्हा मी बँकेत गेलो.

आता थोडं व्याकरण. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आहे, तेव्हा ते टळणार नाही. आपल्या वर्णमालेची मांडणीच मुळी तोंडाच्या नकाशावर केलेली आहे. घशापासून निघायचं, टाळूवरून, दातांवरून ओठांपर्यंत यायचं. क कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य, त दंत्य, प ओष्ठ्य. संस्कृतात याचं सूत्र आहे, 'ऌतुलसानां दन्ताः'. ऌ, सगळा त-वर्ग, ल आणि स, यांचं स्थान दात. हे मी पोरांना जीभ दाताला लावायला लावून घोकून घेतलेलं आहे. स्थानच रात्री पेल्यात काढून ठेवलेलं असेल तर काय करायचं, याबद्दल व्याकरणकार गप्प आहेत.

बरं, नुसत्या दंत्य अक्षरांवर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण वरची कवळी अख्खी टाळू झाकते. ट, ड, ण, ळ म्हणताना जीभ जिथं टेकायची तिथं आता गुलाबी प्लॅस्टिक. 'कवळी' हा शब्द कवळी घालून म्हणून बघा. मला तो तिसऱ्या दिवशी जमला, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.

वरची निदान चिकटून तरी बसते. ओल्या काचेवर काच बसावी तशी, थुंकीच्या जोरावर. खालचीला तो आधार नाही. ती घोड्याच्या नालासारखी, मधे जीभ मोकळी, आणि जीभ हलली की ही उठते. डॉक्टर म्हणाले, "सवय होईल. रोज पेपर मोठ्यानं वाचा." मी अग्रलेख वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कुणाशी भांडताय?"

तर बँक. टोकन, रांग, पंखा बंद, हे सोडून देऊ. माझा नंबर आला. काचेपलीकडच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "बोला."

म्हटलं, "हयातीचा दाखला द्यायचाय."

म्हणजे मला म्हणायचं ते हेच होतं. बाहेर काय पडलं ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण कवळीतला आवाज आतून वेगळा आणि बाहेरून वेगळा ऐकू येतो. मॅडमनी मान वर केली. "काय?"

"ह-या-ती-चा."

इथं तो आला. माझ्या मागे उभा होता. चाळिशीचा, कोपरात हेल्मेट अडकवलेलं, हातात चेकबुक. तो वाकून, माझ्या खांद्यावरून, अत्यंत सुस्पष्ट आवाजात मॅडमना म्हणाला, "आजोबांना जातीचा दाखला हवाय."

"तो इथं नाही मिळत," मॅडम म्हणाल्या. "सेतू केंद्रात जा."

"सेतूत जा म्हणतायत!" तो माझ्या कानाशी ओरडला.

माझे कान शाबूत आहेत. दात गेले की माणसाचे कानही गेले असं लोक का धरून चालतात, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी मान हलवली. नाही, नाही. त्यावर मागची एक बाई हळहळून म्हणाली, "या वयात कशाला हवाय जातीचा?" आणि तो म्हणाला, "नातवाच्या ॲडमिशनसाठी असेल हो." मला नातू नाही. नात आहे, ती दोन वर्षांची आहे, आणि तिचं बोलणं सध्या माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

"जरा ऐका," मी म्हणालो.

इथं पुन्हा व्याकरण, पण हे शेवटचं. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा. दुसरा दंततालव्य. लिहिताना सारखाच दिसतो, भेद फक्त तोंडात असतो. 'जरा' म्हणजे थोडंसं, हा दंततालव्य ज. 'जरा' म्हणजे म्हातारपण, हा तालव्य. मला पहिला म्हणायचा होता. कवळीनं दुसरा काढला. भर बँकेत मी मॅडमना "म्हातारपण ऐका" असं म्हणालो, आणि तिथल्या कुणालाही यातली गंमत कळण्यासारखी नव्हती, याचं मला त्या अवस्थेतही वाईट वाटलं.

"पेन्शन," मी म्हणालो. प ओठांवरचा. हे जमलं.

"पेन्शन!" दुभाषानं विजयी मुद्रेनं जाहीर केलं. "मॅडम, पेन्शनचं काहीतरी आहे. आमच्या सासऱ्यांचं पण असंच आहे. मला सवय आहे, मला कळतं यांचं."

यांचं! जणू आमची एक वेगळी जमात आहे आणि हा तिच्यात काही वर्षं राहून आला आहे.

मॅडमना प्रकार कळला. आधार कार्ड घेतलं, पेन्शनच्या आदेशाचा, म्हणजे पी.पी.ओ. नंबर लिहून नेला होता तो दिला, आणि मग उगाच खातरजमा सुरू झाली. "वय किती आजोबा?"

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. हे वय कवळीवाल्यासाठी केलेलं नाही. स, द, स, ष्ट. डॉक्टरांनी वर्षभर थांबायला हवं होतं, असं म्हणावं तर पुढचं अडुसष्ट आणि त्यापुढचं एकोणसत्तर. खरं म्हणजे ऐंशीपर्यंत मला सुटका नाही.

"शहात्तर म्हणतायत," दुभाषी म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हो, वाटतात."

"पत्ता तोच का?"

"सदाशिव पेठ, सातारा."

"शनिवार पेठ," दुभाषी म्हणाला. शनिवार पेठही साताऱ्यात आहे, तेव्हा गृहस्थाला गाव माहीत होतं एवढं कबूल केलं पाहिजे.

शेवटी मी काउंटरवरचं दोरीला बांधलेलं पेन ओढलं आणि एका पावतीच्या पाठीवर लिहिलं: 'हयातीचा दाखला. वय ६७. सदाशिव पेठ.' अक्षर माझं अजून चांगलं आहे. फळ्यावरचं अक्षर होतं ते. दुभाषानं तो कागद उचलला, वाचला, आणि सबंध रांगेकडे वळून कौतुकानं म्हणाला, "लिहिता येतं की आजोबांना!"

एकतीस वर्षं. या गावातल्या दोन पिढ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाला मी लाल खुणा केल्या आहेत.

मला राग कवळीचा नाही. म्हणजे आहे, पण तो वेगळा. चहा गरम आहे हे टाळूला कळत नाही, थेट घशाला कळतं. तिळाचा एक दाणा खाली शिरला की तासभर जगात दुसरं काही सुचत नाही. पूर्ण कवळीनं चावायची ताकद मूळच्या जेमतेम पाव उरते, हे डॉक्टरांनी पैसे घेतल्यावर सांगितलं. भाकरी दुधात कुस्करून खातो. पेरू बंद. या गावच्या कंदी पेढ्यानं तेवढी साथ सोडलेली नाही. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' असं म्हणणाऱ्यांच्या वेळी तिसरी शक्यता नसावी. माझ्याकडे चणे आहेत, दातही आहेत, आणि दोघांची गाठ पडली की दात चण्यांबरोबर बाहेर येतात. हे सगळं चालेल. हे माझं आणि माझ्या तोंडाचं आहे.

पण आधी मी 'सर' होतो. निवृत्त झाल्यावर 'काका' झालो, तेही ठीक. या चार दिवसांत एकदम 'आजोबा', आणि आजोबा झाल्यावर लोक तुमच्याशी बोलतच नाहीत, तुमच्याबद्दल बोलतात. तुम्ही तिथं उभे असता. फोनवर तर विचारूच नका. जुन्या सहकाऱ्याला फोन केला, तो दोन वाक्यं ऐकून म्हणाला, "काय सर, दुपारीच?" मी आयुष्यात घेतलेली नाही. हे त्याला समजावून सांगताना मी आणखीच प्यायल्यासारखा वाटत गेलो आणि शेवटी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी फोन करणं कमी केलंय. त्यालाही काही फार चुकल्यासारखं वाटत नसावं.

असो. मॅडमनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "बोलू नका, नुसतं कॅमेऱ्यात बघा आणि डोळे मिचकवा." मी मिचकवले. हिरवी खूण आली. दहा सेकंद. आधार कार्डावरचा फोटो मूळ दातांचा, समोरचा माणूस प्लॅस्टिकच्या दातांचा, पण यंत्रानं मला ओळखलं. एक शब्द न विचारता. इतका वेळ जे बोलून दाताच्या कण्या केल्या, ते पापणीनं झालं. आता कण्याही होत नाहीत म्हणा, ॲक्रिलिक आहे.

"झालं आजोबा. आता पुढच्या नोव्हेंबरात."

वळलो तर दुभाषी समोर, हसतमुख, स्वतःचे बत्तीस दाखवत. "मी होतो म्हणून बरं," तो म्हणाला. "पण खरं सांगू? आमच्या सासऱ्यांची कवळी काय सुंदर बोलते! तुमच्या डॉक्टरनं फसवलं तुम्हाला. नंबर देऊ?"

मी त्याला एक शब्द ऐकवला. शाळेत हा शब्द कानावर आला की मी पोराला दोन तास वर्गाबाहेर उभं करायचो. आयुष्यात पहिल्यांदा तो मी स्वतः उच्चारला, पूर्ण जोर लावून, आणि नेमकी त्याच क्षणी खालची उठली.

"अहो, आभार कसले त्यात!" तो म्हणाला आणि माझी पाठ थोपटून काउंटरवर वाकला.