हॉकीची निवड चाचणी स्थगित म्हणे!

आज सकाळी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी कॉलेजच्या नोटीस बोर्डाचा फोटो टाकला. पुढच्या वर्षीच्या हॉकी संघाची निवड चाचणी 'पुढील सूचनेपर्यंत स्थगित'. कारण, 'सातत्याने निराशाजनक कामगिरी'. खाली सही, शिक्का, तारीख. आणि त्याच्याखाली आपल्याच मित्रांचे अंगठे. एकानं लिहिलं, "बरं झालं बे, त्या पैशात बॉक्स क्रिकेट करा की." त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

दुकानात गिऱ्हाईक होतं, चादरीचे गठ्ठे सोडलेले होते, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता रात्री जेवणखाण उरकून बसलोय. लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढं जावं.

आधी हे सांगतो की माझाही या पोरांवर राग आहे. यंदाचा सीझन बघवला नाही. एक सामना जिंकला नाही पोरांनी. हरण्याचं मला एवढं वाटत नाही, पण तिसरा क्वार्टर संपला की आमची पोरं पळायची थांबतात, चालायला लागतात. चेंडू गेला की मागं धावायचं सोडून कमरेवर हात. एका सामन्यात आमचा सेंटर हाफ चेंडू गमावून अंपायरशी हुज्जत घालत उभा राहिला आणि तेवढ्या वेळात समोरच्यांनी गोल करून घेतला. मी लाइनच्या बाहेरून घसा बसेपर्यंत ओरडलो. सकाळच्या सरावाला निम्मी पोरं गायब असतात, हेही खरं आहे. पोलीस भरतीच्या रनिंगसाठी पाचला उठणारी हीच पोरं हॉकीसाठी साडेसहाला उठत नाहीत. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोललोय. त्यामुळं मला कुणी 'पोरांची बाजू घेतो' म्हणू नये.

पण पिंपरीचा तो सामना पाहिल्यापासून माझा राग पोरांवर टिकत नाही, दुसरीकडंच जातो.

मला पुण्यात वसुलीचं काम होतं, ते लवकर उरकून मी पिंपरीतल्या नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियमवर गेलो. आपली पोरं त्याच दिवशी सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आलेली. अडीचशे किलोमीटरचा प्रवास, स्टेशनवरून बस बदलत मैदान, आणि दुपारी सामना. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाय ठेवायचा तो पहिल्यांदाच. एकानं खाली वाकून तळहात दाबून पाहिला. दुसऱ्यानं बूट घासून पाहिला. निम्म्या पोरांच्या पायात साधे रनिंगचे बूट होते.

ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या कॉलेजचं मैदान म्हणजे काळी माती. पावसात बुटाला चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा मैदानावर शिकलेलं पोरगं चेंडू येताना स्टिक जराशी वर धरून तयार असतं, कारण भेगेवरून चेंडू कधी गुडघ्याकडं उडेल याचा नेम नसतो. टर्फवर चेंडू उडत नाही, जमिनीला धरून सुसाट येतो. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या पोरांच्या स्टिकखालून इतके चेंडू गेले की बघणारे हसायला लागले. त्यांना वाटलं, यांना साधं ट्रॅपिंग, म्हणजे स्टिकनं चेंडू अडवणं, येत नाही. येतं हो! मातीवरचं येतं. टर्फवरचं त्यांना शिकवलं कुणी?

तरीसुद्धा पोरं तीन क्वार्टर लढली. आणि मग शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला.

शॉर्ट कॉर्नरला बचाव करणारे फक्त पाच जण गोललाइनच्या मागं असतात, त्यातला एक कीपर. बाकीचे सगळे मधल्या रेषेपलीकडं. चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर थांबवून आत घेतला जातो आणि मग फ्लिक, म्हणजे गोलकडं जोराचा फटका, येतो. पहिला धावणारा थेट त्या फ्लिकच्या तोंडावर अंग टाकतो. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा, दगडासारखा टणक. म्हणून चौघांनी तोंडावर मास्क लावायचे असतात. आमच्याकडं मास्क दोन होते. दोघांनी लावले, एक जण पोस्टला चिकटून उभा राहिला, आणि उरला आमचा लेफ्ट बॅक. दुसऱ्या वर्षाचा पोरगा, शहराच्या पूर्वभागातला, आई विड्या वळते. पहिला कोण पळणार हेच ठरलेलं नव्हतं. त्यानं मान वळवून बाकाकडं पाहिलं.

बाकावर कोण होतं? कॉलेजच्या ऑफिसातून 'मॅनेजर' म्हणून पाठवलेले एक गृहस्थ. कारण शारीरिक शिक्षणाच्या सरांची जागा रिकामी आहे, ती रिकामी आहे याची सवय सगळ्यांना झाली आहे, आणि हॉकीचा कोच आपल्या कॉलेजला कित्येक वर्षांत नाही. हे गृहस्थ भले आहेत. पोरांना ग्लुकोजचं पाणी करून देत होते, कुणाला क्रॅम्प आला तर पाय दाबत होते. त्या वेळी ते फोनवर परतीच्या तिकिटांचं बघत होते. त्यांचा दोष नाही. त्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरलेली नाही, ते तरी काय सांगणार?

त्या पोरानं बाकाकडं पाहिलं, तिथं सांगणारं कुणी नाही हे त्याला दिसलं, आणि तो स्वतःच बिनमास्कचा पळाला. चेंडू मांडीवर बसला. पुन्हा शॉर्ट कॉर्नर. पुन्हा तोच पळाला. दुसरा गोल झाला, आणि त्यानंतर सगळा संघ चालायला लागला. 'पोरं चालायला लागतात' असं मी वर लिहिलंय ना, ते असं सुरू होतं.

आता नोटिशीकडं येतो. निराशाजनक कामगिरी! कुणाची?

1975 ला क्वालालंपूरला आपण वर्ल्ड कप जिंकला होता. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि जगज्जेता भारत सातवा आला. पायाखालचं मैदान बदललं तर जगज्जेत्यांची ही गत होते. आणि आमच्या पोरांनी सामन्याच्या वीस मिनिटं आधी टर्फला हात लावून लगेच जिंकायचं?

2008 ला तर भारत ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. 1928 पासून कधी असं झालं नव्हतं. 2012 ला लंडनला गेलो आणि सगळे सामने हरून बारापैकी बारावे आलो. याहून निराशाजनक कामगिरी सांगा मला. तेव्हा कुणी हॉकीला टाळं लावलं का? ओडिशा सरकारनं 2018 ला राष्ट्रीय संघ दत्तक घेतल्यासारखा पाठीशी घेतला, आणि 2021 मध्ये टोकियोत 41 वर्षांनी पदक आलं. पॅरिसला पुन्हा आलं. त्या दिवशी याच ग्रुपवर तिरंगे टाकणारे कोण होते? मी नावं घेत नाही. तुम्हाला तुमचं माहीत आहे.

टोकियोच्या जर्मनीविरुद्धच्या त्या सामन्यात 1-3 ने मागं पडून आपण 5-4 ने पुढं आलो होतो आणि शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला शॉर्ट कॉर्नर मिळाला. सगळा देश श्वास रोखून आपल्या गोलकीपरकडं, श्रीजेशकडं, बघत होता. मी पण बघत होतो, दुकानातल्या टीव्हीवर, गिऱ्हाइकांसकट. त्या पाच जणांतला प्रत्येक जण आपण कुठं पळायचं हे झोपेत विचारलं तरी सांगेल. पहिला रशर, म्हणजे पहिला धावणारा, म्हणून अमित रोहिदास जो फ्लिकवर तुटून पडतो, ते धाडस आहेच, पण त्यामागं कोचनं हजार वेळा करून घेतलेली धाव आहे. आमच्या लेफ्ट बॅककडं धाडस तेवढंच होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याकडं फक्त बाकावर माणूस नव्हता.

मला लगेच कुणीतरी धनराज पिल्लेचं उदाहरण देणार. खडकीच्या वसाहतीत तुटक्या स्टिका बांधून खेळला, चार ऑलिंपिक खेळला, त्याला कुठं काय मिळालं होतं? अरे बाबांनो, पुढची गोष्ट पण सांगा की. थोरला भाऊ रमेश मुंबईत खेळत होता, त्यानं धाकट्याला बोलावून घेतलं, हाताखाली घेतलं. धनराजला सुद्धा बघणारं कुणीतरी होतं. गरिबीतून माणूस वर येतो हे ऐकायला आपल्याला आवडतं, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही.

आणि दरवर्षी 29 ऑगस्टला आपल्याच कॉलेजात ध्यानचंदांच्या फोटोला हार घालतात. बर्लिन ऑलिंपिकचं 8-1, जर्मनीला कसं हरवलं, सगळं भाषण होतं. हॉकीच्या पोरांना पुढच्या रांगेत युनिफॉर्म घालून बसवतात. टाळ्या वाजवायला पोरं पाहिजेत आणि मास्क मागितले की 'बजेटमध्ये बघू'! हे लिहिताना सुद्धा माझा हात थरथरतोय. ज्या पोराची मांडी काळीनिळी झाली त्याला तुम्ही शिक्का मारून कळवता की तू निराश केलंस?

कॉलेजकडं पैसा कमी आहे, हे मान्य. खो-खोची पोरं बक्षिसं आणतात, त्यांना आधी द्यावं लागतं, हेही मान्य. सोलापूरची खो-खोची परंपरा मोठी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढा असं मी म्हणतच नाहीये.

आणखी एक. 'सोलापुरात टर्फ कुठून आणणार' असं म्हणणाऱ्यांना सांगतो, मी टर्फ मागितलेलं नाही. उजनी धरण भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याच्या टर्फवर सामन्याआधी पाणी मारावं लागतं, एवढं मला कळतं. ज्या गल्लीत बायका पहाटे बॅरल भरायला उठतात तिथं मैदानाला पाणी मारा म्हणायची माझी जीभ रेटणार नाही. मी मागतोय चार मास्क आणि एक माणूस. स्पर्धा टर्फवर असेल तर आदल्या दिवशी पोचतील एवढं भाडं. एवढंच. याला जेवढा पैसा लागतो तेवढा आपल्या बॅचच्या एका गेट-टुगेदरच्या जेवणावर जातो. हॉल, डीजे, फेटे, ग्रुप फोटोचे टी-शर्ट. सगळं आपण दोन दिवसांत गोळा करतो.

अंगठे देणाऱ्यांतले दोघं स्वतः याच संघाकडून खेळलेत, म्हणून जास्त लागलं. आपल्या वेळी सर सकाळी सहाला सायकलवरून मैदानात हजर असायचे. मी खेळणारा नव्हतो, कट्ट्यावर बसून बघणारा होतो, पण त्यांचा आवाज मला अजून आठवतो. समोरच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला की बाकावरून नुसतं एक नाव यायचं आणि त्या नावाचा पोरगा पळायचा. तुम्हाला ते मिळालं. फुकट मिळालं. आणि आता या पोराला ते नाही म्हणून तुम्ही हसता?

पिंपरीहून परतताना मी पोरांसोबत स्टेशनवर थांबलो होतो. चिडलेलोच होतो, चार शब्द ऐकवायचे असं ठरवून गेलो होतो. लेफ्ट बॅक पाय लांब करून बसला होता, मांडीवर बर्फाची पिशवी. मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "काका, तुम्ही इतकी वर्षं मॅच बघताय. पहिला पळणारा उजवीकडनं सुटतो का डावीकडनं?" मला नीट सांगता आलं नाही. बघणं आणि शिकवणं वेगळं असतं. त्याला वडापाव आणून दिला. दुसरं काय करणार होतो.

ज्याला हरल्यावर हा प्रश्न पडतो, त्या पोराची चाचणी तुम्ही स्थगित केली आहे. निराश मी झालोय, पण त्याच्यावर नाही.

आता कामाचं. सोमवारी अकरा वाजता मी प्राचार्यांना भेटायला जातोय. भांडायला नाही, पण नोटीस मागं घ्या हे सांगायला. बरोबर येणाऱ्यांनी खाली नाव लिहा, अंगठा नको. मास्कचं मी बघतो, त्यासाठी वर्गणी नको. खरी अडचण कोचची आहे. तुमच्या ओळखीत रेल्वेतून, पोलिसांतून किंवा फौजेतून निवृत्त झालेला, हॉकी खेळलेला कुणी सोलापुरात राहत असेल आणि आठवड्यातून तीन सकाळी मैदानात येऊ शकत असेल, तर त्यांना विचारून मला कळवा. मानधनाचं आपण सगळे मिळून बघू. दक्षिण सदर बझार, रेल्वे लाइन्स या भागात राहणाऱ्यांनी जरा शेजारीपाजारी चौकशी करा. तिकडं जुनी खेळाडू मंडळी असण्याची शक्यता जास्त आहे.