सोयाबीनमधला मका

"तुमच्या अमेरिकेत कोणी घाबरत नाही, मग आपल्याकडेच एवढी बोंबाबोंब कशाला?" कृषी महाविद्यालयातला माझा वर्गमित्र परवा फोनवर म्हणाला. जनुकं बदललेल्या पिकांतून लशी, औषधं काढावीत, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील, आड येतात ते विज्ञानाचे शत्रू, असं त्याचं म्हणणं. 'तुमच्या अमेरिकेत' मला लागलंच. 'घाबरत नाही' त्याहून जास्त लागलं.

मी नेब्रास्कात राहते. इथल्या ऑरोरा गावात २००२ साली काय झालं ते त्याला सांगितलं. प्रोडीजीन कंपनीने आदल्या वर्षी एका शेतात डुकरांच्या हगवणीवरची लस बनवणाऱ्या मक्याची चाचणी घेतली होती. पुढच्या हंगामात तिथे सोयाबीन पेरलं, आणि सांडलेल्या दाण्यांतून तोच मका उगवला. असा आपोआप उगवलेला मका मी दर उन्हाळ्यात बघते. सोयाबीनच्या सपाट हिरव्यात तो एकटाच डोकं वर काढून उभा असतो, धावत्या गाडीतूनही ओळखू येतो. त्या वर्षी तो वेळेत उपटला गेला नाही. त्याचे तुकडे सोयाबीनबरोबर एलिव्हेटरात, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारात, गेले आणि पाच लाख बुशेल (इथलं धान्याचं माप) सोयाबीन नष्ट करावं लागलं. शेजारच्या आयोवा राज्यात याच कंपनीच्या चाचणीजवळचा १५५ एकर मका जाळला. कंपनीला दंड अडीच लाख डॉलर, शिवाय साफसफाईचे सुमारे तीस लाख. घाबरले म्हणूनच जाळलं ना?

मी अशा औषधांच्या विरोधात नाही. गौशे या दुर्मीळ आजारावरचं एक एन्झाइम गाजराच्या पेशींत तयार होतं. २०१२ मध्ये इथे त्याला मान्यता मिळाली. ज्यांना ते लागतं, त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे. पण त्या पेशी बंद जागेत, प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांत वाढवतात. तिथे वारा नाही, मळणीयंत्र नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, आणि मका माणसं खातात, जनावरं खातात. खाण्याचं पीक औषधासाठी उघड्या रानात लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.

"तणनाशक सोसणाऱ्या कापसाला आपल्याकडे मान्यता नाही," मी म्हटलं, "तरी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तो जाहीरपणे पेरलाच ना? मग तिथे सोयाबीनमधला मका उपटायला कोण जाणार आहे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू कोण विचारणारी? तुझं शेत कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या हिश्शाची जमीन मी सही करून भावाला देऊन टाकली. इथे मला मतदानाचा हक्क नाही. इथल्या शेतांबद्दल बोलताना 'आमची' म्हणायला जीभ वळत नाही, आणि तिकडच्या शेतांबद्दल बोलताना माझ्या तोंडून अजून 'आपली'च येतं. ते त्याला खटकतं, हे मला कळतं.

रविवारी त्याला परत फोन करणार आहे. माझं शेत कुठे आहे ते त्याने खुशाल विचारावं. पण चाचणी संपल्यावर दुसऱ्या हंगामात त्या रानात कोण उतरणार, ते त्याने आधी सांगावं.