खुलासा : चारू अमलसोबत पळून जात नाही

‘बंगाली कथेतली विवाहिता परपुरुषाच्या प्रेमात पडते, घर सोडते आणि शेवटी मरते’ असा मजकूर फिरतो आहे. उदाहरणे दिली आहेत ‘नष्टनीड’मधली चारू आणि ‘चोखेर बाली’मधली बिनोदिनी. दोन्ही चुकीची.

रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ ही कथा १९०१ची. अमल हा चारूचा नवरा भूपती याचा आतेभाऊ. तो लग्न करून विलायतेला निघून जातो. चारू उंबरठाही ओलांडत नाही. ती नवऱ्याला न सांगता दागिन्यांवर पैसे उभे करते आणि अमलची खुशाली विचारणारी जबाबी (उत्तराचे पैसे आधीच भरलेली) तार पाठवते. उत्तर भूपतीच्या हाती पडते आणि त्याला सगळे उमगते. तो म्हैसूरला निघतो. चारूने ‘मला ने’ म्हणताच आधी कचरतो, मग ‘चल’ म्हणतो. तेव्हा चारूच म्हणते, ‘नको, राहू दे.’ कथेचा सगळा जीव या नकारात आहे आणि पळून जाण्याची भर घातली की नेमका तोच हरवतो. घोटाळ्यात सिनेमाही भर घालतो : सत्यजित राय यांच्या, याच कथेवरच्या ‘चारुलता’त (१९६४) शेवट एकमेकांकडे येता येता थबकलेल्या हातांवर होतो. कथेचा शेवट सांगताना तो वापरू नये.

रवींद्रनाथांच्याच ‘चोखेर बाली’ कादंबरीतली बिनोदिनी तर विधवा आहे. ती मरत नाही; कादंबरीतल्या बिहारी या पुरुषाची लग्नाची मागणी नाकारून काशीला जाते.

गोळी लागून मरते ती बंकिमचंद्रांच्या ‘कृष्णकांतेर उइल’मधली रोहिणी, तीही विधवाच. विवाहितेचेच उदाहरण हवे असेल तर रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’ची बिमला किंवा शरच्चंद्रांच्या ‘गृहदाह’मधली अचला घ्यावी, दोघीही कादंबरीअखेर जिवंत आहेत.