अडुळशाचा रस असा निघत नाही

‘अडुळशाची कच्ची पानं पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि अर्धा कप रस प्या,’ ही खोकल्यावरच्या एका लेखातली कृती पद्धत आणि प्रमाण अशा दोन्ही बाजूंनी चुकली आहे. अडुळशाच्या पानात रस असतो, पण तो नुसतं कुटून सुटत नाही. पाणी घातलं की हिरवं, कडू पाणी हाती येतं आणि त्यात औषध किती हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून तर पुटपाकाची पद्धत आहे: कुटलेल्या पानांचा गोळा पानात गुंडाळायचा, वर मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजायचा आणि मग रस पिळायचा. तेवढा खटाटोप नको असेल तर जून, निरोगी पानं धुऊन, पुसून दहाएक मिनिटं वाफवा. ती मऊ पडून काळपट झाली की कोमट असतानाच ठेचून फडक्यातून पिळा. मोठ्या माणसाला एका वेळी दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली पुरे. मध घालायचा तो रस गार झाल्यावर. अर्धा कप घेतलात तर खोकला थांबायच्या आधी उलट्या-जुलाबच सुरू होऊ शकतात.

गरोदरपणाचा तर लेखात उल्लेखच नाही, ही खरी मोठी चूक. पानातलं व्हॅसिसीन हे द्रव्य कफ पातळ करतं (ब्रोमहेक्सीन हे कफाचं औषध त्याच्यावरूनच तयार झालं), पण तेच गर्भाशय आकुंचन पावायला लावतं. त्यामुळे गरोदर बाईने हा रस घ्यायचाच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि हो, चिकट, न सुटणाऱ्या कफाला अडुळसा. घसा नुसता खवखवत असेल तर ज्येष्ठमध बरं.