उंटावरून दिलेले सल्ले

जानेवारी सरत आला की आमच्या फिनिक्सच्या मराठी मंडळींत कुणीतरी विचारतंच, "तुम्ही त्या वाळवंटातल्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, जत्रेला जाता ना? आम्हालाही चार टिप्स द्या की." देते. मी परवाच तिथून आले आहे आणि तीन रात्री धड झोपलेली नाही. सल्ले द्यायला याहून चांगली मनःस्थिती कुठली?

क्वार्ट्झसाइट हे गाव फिनिक्सच्या पश्चिमेला साधारण सव्वाशे मैलांवर, कॅलिफोर्नियाच्या हद्दीच्या जरा अलीकडे. एरवीची वस्ती अडीच हजारांच्या आत. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे 78,000 चौरस फुटांच्या तंबूत नऊ दिवस प्रदर्शन भरतं, आणि निम्मी अमेरिका नि पाऊण कॅनडा आपापली घरं चाकांवर घालून हजर होते. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. फुकट म्हटल्यावर पुढचं मी सांगायला नको.

गावच्या दफनभूमीत एक छोटा दगडी पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर धातूचा उंट. खाली हाजी अली पुरलेला आहे. (मुंबईकरांनो, तो नव्हे.) 1856 साली अमेरिकी लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्यासोबत हा उंटवाला आला. इथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्याचा 'हाय जॉली' झाला. लष्कराने उंटांचा नाद सोडला, हा मात्र इथेच राहिला आणि 1902 साली इथेच वारला. तेव्हा उंटावरच्या शहाण्यांची या गावाला परंपरा आहे. मी फक्त ती पुढे चालवते आहे.

पहिला सल्ला, निघायचं ते पहिल्याच शनिवारी आणि जेवण करून, दुपारी. हायवेवरून गावात उतरलात की त्या चौकात तुम्हाला चिंतनासाठी भरपूर वेळ मिळेल. पुढच्या ट्रेलरच्या मागे लिहिलेलं सगळं वाचून होतं. आमचं दोनदा झालं.

तंबूत शिरल्या शिरल्या, दारातच, थांबा. मागे दोनशे माणसं आहेत, त्यांना कुठे जायची घाई आहे? नकाशा उघडा, चष्मा शोधा, मग नवऱ्याला फोन लावून "तू कुठे आहेस?" विचारा. तो तुमच्या मागेच असतो. पुढे एक गृहस्थ न चिकटणाऱ्या तव्यावर अंडं घसरवून दाखवत असतात. ते संपूर्ण पाहा, सहकुटुंब, गल्लीच्या मधोमध उभं राहून. तवा घेऊ नका. शेजारी बाबागाडीत कुत्रा बसलेला दिसेल. त्याला वाट द्या, सगळ्यांत शहाणा तोच आहे.

प्रदर्शनातल्या गाडीतला संडास प्रदर्शनासाठी असतो. तरी एकदा वापरून खात्री करून घ्या.

विक्रेता म्हणेल, ही किंमत फक्त आजच्यापुरती. विश्वास ठेवा, उद्या तो तेच दुसऱ्याला सांगणार आहे.

आणि आता मुक्काम. इथे माझा सल्ला अगदी मनापासूनचा आहे, कारण तो माझ्या अंगावर प्रत्यक्ष करून दाखवण्यात आला.

गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी मोकळी जमीन आहे, 11,000 एकरांहून जास्त. परवाना घ्या आणि वाटेल तिथे गाडी लावा. आम्ही शुक्रवारी दिवसाउजेडी पोचलो, खडखडत आत आत गेलो, एका पालो वर्देच्या झाडाशी आमचा एकोणीस फुटी ट्रेलर लावला. सगळ्यात जवळचा शेजारी इतका दूर की रात्री त्याचा दिवा काजव्याएवढा. थंडी, चहा, आकाश. नवरा म्हणाला, "याच्यासाठी तर येतो." त्याने हे म्हणायला नको होतं.

साडेदहाला दोन हेडलाइट आमच्या खिडकीतून थेट पांघरुणावर. भाड्याची मोटरहोम, तीस फुटांची, पाठीमागे आणखी एक गाडी. 11,000 एकर सोडून ती आमच्या शेजारी येऊन थांबली. नवऱ्याने सकाळी टेप लावून मोजलं, अकरा फूट. नियम किमान पंधराचा आहे. पण नियम अमेरिकनांसाठी असतात, आपण तर आपली माणसं! कारण आमच्या ट्रेलरच्या मागे 'मोरया' लिहिलंय. "स्टिकर बघितलं आणि म्हटलं, चला, आपलेच निघाले. एकटेच होतात, म्हटलं सोबत होईल." गृहस्थ खरंच आनंदले होते. भटाला दिली ओसरी म्हणतात, पण आम्ही ओसरीसुद्धा दिली नव्हती हो!

तर मंडळी, मोकळ्या वाळवंटात गाडी लावताना आधी कुणीतरी शांतपणे बसलेलं शोधा आणि त्याला चिकटा. मग जनरेटर सुरू करा.

जनरेटर गाडीच्या पोटातच असतो, बटण दाबलं की झालं. त्याचं धुराडं शेजाऱ्याच्या झोपायच्या खिडकीकडे येईल असंच उभं राहायचं, तो विज्ञानाचा भाग आहे. मग एकदम सगळं लावा. भाताचा कुकर, इंडक्शन, दोन हीटर, बाहेर रंगीत दिव्यांची माळ. सगळ्यांचे फोन चार्ज झाले की पुन्हा चार्ज करा. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे असं फलकावर लिहिलेलं असतं, पण तो फलक फाटकाशी राहिला, तुम्ही आता दोन मैल आत आहात. आणि बंद करायचा विचार मनात आलाच, तर आठवा की भारतातली दुपारी दीडची वनडे आपल्याकडे रात्री एकला सुरू होते. छपरावर उपग्रहाच्या इंटरनेटची ताटली लावलीच आहे. पन्नास ओव्हर. मग मध्यंतर. मग पन्नास ओव्हर.

दीडच्या सुमाराला मी स्वेटरवर शाल गुंडाळून दार वाजवलं. दार उघडणाऱ्याचे केस माझ्याहून पांढरे होते. तो म्हणाला, "अहो काकू, या ना आत! दोनच विकेट गेल्यात." काकू! मी म्हटलं, आवाज होतोय. तो म्हणाला, "मॅचचा? कमी करतो." आणि त्याने मॅचचा आवाज कमी केला.

सकाळी त्यांच्या मिसेस गरम थालीपीठ घेऊन आल्या. थालीपीठ चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. परतताना आलं आणि किसणी घेऊन गेल्या. दहा वाजता सगळे तंबूकडे निघाले आणि जनरेटर चालूच! नवरा धावत मागे गेला. "असू दे सर, फ्रिजमध्ये दही लावलंय."

अहो, तुमच्या त्या गाडीतला फ्रिज गॅसवर चालतो! हीटरही गॅसवर चालतो, त्याचा पंखा बॅटरीवर. दिवे बॅटरीवर. गाडी ताब्यात घेताना भाड्याने देणाऱ्या मुलीने अर्धा तास हेच समजावलं असणार आणि तुम्ही तेव्हा व्हिडिओ काढत होतात. आणि दही कसलं लावताय फ्रिजमध्ये?

पाण्याचंही सांगायचं होतं. भांडी घासलेल्या पाण्याची टाकी भरली की रांगेत उभं राहून रिती करायची असते, ती रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय सांगू. दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या गाडीखालून एक ओघळ निघाला आणि आमच्या खुर्च्यांपर्यंत आला. त्यात मोहरी होती. "नुसतं भांड्यांचं पाणी आहे काकू, झाडालाच मिळेल." त्या झाडाने एवढी वर्षं फोडणीशिवाय काढली आहेत.

मी तिरकस लिहायचं ठरवून बसले होते. आता नाही जमत. ऐका, सरळ सांगते. रात्री दहाला जनरेटर बंद करा. नाही, मॅच असली तरी. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही आणि त्याने झोपलेला माणूस झोपेतच राहतो. मी रात्री त्या बाजूची खिडकी घट्ट लावून, दुसरी उघडी ठेवून, कानटोपी घालून चार डिग्रीत बसले होते, त्या वायूचा अलार्म वाजतो का ते ऐकत. तुम्ही चौकार मोजत होतात. टाकीचा नळ जमिनीवर सोडू नका, सांडपाणी टाकायची जागा त्याच आवारात आहे, रांग असेल तर उभे राहा, बाकीचे राहतातच ना? आणि माणूस एकटा बसलेला दिसला म्हणजे तो तुमची वाट बघत नसतो. आडनाव विचारून, गाव विचारून, "मग इकडे किती वर्षं?" विचारून कुणाच्या डोक्याशी इंजिन लावायचा हक्क मिळत नाही. आम्ही तुमच्यातलेच आहोत म्हणून तीन रात्री गप्प बसलो. पलीकडचा तो कॅनडातला म्हातारा असता तर पहिल्याच रात्री रेंजरला बोलावून मोकळा झाला असता, आणि ते बरोबर झालं असतं. आमचंच चुकलं. पुढच्या वर्षी मी स्टिकर काढून टाकणार आहे.

आणि किसणी. निळ्या मुठीची, माझ्या आईने दिलेली. सोमवारी सकाळी आम्ही उठायच्या आत तुम्ही निघून गेलात. नंबर तुमच्याकडे आहे.