ट्रस्टशी करार केला म्हणजे जमीन गेली, असं नाहीये

गेले काही दिवस शेतीच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की अमेरिकेत संवर्धनाच्या नावाखाली ट्रस्टवाले (शेतजमीन बांधकामापासून वाचवायला काढलेल्या संस्था) शेतकऱ्यांच्या जमिनी लाटतायत, एकदा सही केली की मालकी गेली, पोरांच्या हाती काही राहत नाही, ट्रस्ट म्हणेल तेच पीक घ्यायचं, आणि हा सगळा श्रीमंतांचा टॅक्स वाचवायचा धंदा आहे, आता इकडेही येणार. आमच्याकडे रस्त्याकडेची चांगली काळी जमीन प्लॉटिंगमध्ये जाताना डोळ्यांनी बघितलीय त्यामुळे हे वाचून राहवलं नाही, एकेक मुद्दा घेतो.

मालकी शेतकऱ्याचीच राहते. आपल्याला टीडीआर माहितीय ना, जमीन वेगळी आणि तिच्यावर बांधायचा हक्क वेगळा, तसंच आहे हे. शेतकरी फक्त बांधकामाचा आणि तुकडे पाडायचा हक्क सोडतो, कधी विकून तर कधी दान करून, आणि ती अट काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जमीन रेकॉर्डला चढते, सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद असावी तशी. कसायची, विकायची, वारसांना द्यायची, सगळी मुभा राहते. कूळ लागल्यासारखं होईल अशी भीती काहींना वाटते पण ट्रस्टला ताबा मिळतच नाही, साधारण वर्षातून एकदा येऊन अट पाळली जातेय का एवढं बघून जातात.

हे सुरू कसं झालं ते मेसेजमध्ये कुठेच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे, दूधवाल्यांचा भाग. 1960च्या दशकात तिथे मोठे रस्ते आणि नवी वस्ती आणायचे प्लॅन होते, कुरणं गेली असती. पुढे अशी जमीन वाचवायला एलन स्ट्रॉस, स्वतः डेअरी चालवणाऱ्या, आणि फिलिस फेबर, जीवशास्त्रज्ञ, या दोघींनी 1980 मध्ये मरीन ॲग्रिकल्चरल लँड ट्रस्ट काढला, फक्त शेतजमिनीसाठीचा अमेरिकेतला पहिला ट्रस्ट. आज त्याच्या करारांखाली 50 हजार एकरांहून जास्त जमीन आहे. म्हणजे सुरुवातच गोठ्यातून झालीय, कुणी बाहेरून येऊन लादलेलं नाही.

पोरांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. करार झाला की जमिनीचा बाजारभाव उतरतो, कारण बिल्डर घेणार नाही. पण हक्क विकला तर शेतकऱ्याला मिळतो तो पैसा याच फरकाचा असतो, करारापूर्वीची किंमत वजा नंतरची. त्यातून कुणी कर्ज फेडतं, कुणी भावा-बहिणींचा वाटा देऊन टाकतं म्हणजे वाटणीसाठी जमीन विकावी लागत नाही (आपल्याकडे किती शेतं नुसती याच कारणाने गेलीयत). आणि उतरलेल्या भावात नवा शेतकरी जमीन घेऊ शकतो.

पीक कुठलं घ्यायचं हे ट्रस्ट सहसा सांगत नाही. घर, गोठा कुठे बांधायचा ती जागा करारातच राखून ठेवता येते.

टॅक्सचं म्हणाल तर सवलत आहेच, दान केल्यावर. खरा शेतकरी असेल तर वर्षाच्या सगळ्या उत्पन्नापर्यंत, बाकीच्यांना निम्म्यापर्यंत, आणि उरलेली पुढची 15 वर्षं वापरता येते. याचा गैरवापरही झालाय, गुंतवणूकदारांचे गट करून जमिनीची किंमत फुगवून दाखवायची आणि सवलत लाटायची, म्हणून 2022 च्या शेवटी कायद्यानेच त्याला लगाम घातला, गुंतवलेल्या रकमेच्या अडीचपटीपुढे सवलत नाही. तो राग अगदी बरोबर आहे, पण तो त्या दलालांवर काढा, पिढ्यान्‌पिढ्या गाई सांभाळणाऱ्यांवर नको.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याने लिहायला हवी होती, हे बंधन बहुतेक वेळा कायमचं असतं, नातवाने मोडायचं ठरवलं तरी कोर्टात जावं लागतं आणि तिथेही सहज सुटत नाही. म्हणून सहीआधी घरातल्या सगळ्यांना बसवायचं आणि स्वतःचा वकील लावायचा, ट्रस्टचा नाही.

इकडे येणार म्हणताय, तर आपला 1882 चा सुविधाधिकार कायदा दुसऱ्याच्या जमिनीवरचा असा हक्क एखाद्या जमिनीच्या मालकाला किंवा ती ताब्यात असणाऱ्याला त्याच्या जमिनीच्या उपयोगासाठी देतो, शेजारी जमीन नसलेल्या ट्रस्टला तो धरता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतला करार जसाच्या तसा गावात येणार नाही, आणि त्या नावाने कुणी कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर देऊ नका.